खुर्चीला बांधलेला माणूस

“अजून एकदा दरोडेखोर म्हनलीस, तर दिलेला चहा माघारी घीन!”

ठमाबाईंनी हातातला हिरडा सुपात आपटला. समोर बसलेली लुचिया गोरीमोरी झाली. बाई इटलीची. पुण्यात राहून मराठी शिकली, तीही पुस्तकातली. इंग्रजांविरुद्ध बंड करून डोंगरात राहिलेल्या कोळ्यांवर ती पुस्तक लिहीत होती. त्यात डोंगरातल्याच मढ गावच्या ठमाबाईंचा खापरपणजा होता. पुढच्या आठवड्यात पुस्तक छापायला जाणार, आणि त्याच्या नावापुढे कोणता शब्द छापायचा, यावरून सकाळपासून जुंपली होती.

“आजी, सगळ्या कागदांत तसंच लिहिलेलं आहे.”

“कागद कुनी लिव्हला? ज्यानं फासावर दिला त्यानंच ना! आमचं रान घेतलं, भाताची खाचरं घेतली, आन् दरोडेखोर आमी? तुमच्या मुलखात न्हवती व्हय असली मानसं?”

“होती. खूप होती.”

लुचियानं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. तुलनेसाठी पुस्तकात घातलेला, इटलीतला जुना फोटो. खुर्चीला बांधलेला मेलेला माणूस, मांडीवर बंदूक ठेवलेली. दोन्ही बाजूंना शिपाई, रानडुक्कर मारल्यागत छाती काढून उभे. मेलेल्याचे डोळे टक्क उघडे.

ठमाबाईंचा आवाज खाली आला. “ह्येचे डोळे का न्हाई मिटले कुनी?”

“फोटोसाठी शिपायांनी मुद्दाम उघडे ठेवले. मग चौकात बसवून गावाला दाखवलं.”

“मुडदा बशिवला त्यांचा! घरात बाईमानूस न्हवतं?”

“बायको होती. तिला जवळ येऊ दिलं नाही.”

माणूस गेला की घरच्या बाईनं डोळे मिटायचे. तोवर तो वाटेकडे बघत राहतो, असं ठमाबाई आईकडून ऐकत आल्या होत्या. त्यांनी तांब्यात बोटं बुडवली. ओला अंगठा त्या दोन डोळ्यांवरून वरून खाली फिरवला. हळू, झोपलेलं लेकरू जागं होऊ नये तसा. पाणी काचेवरून ओघळलं. लुचियानं ते पुसलं नाही.

“ह्येच्या मागं कुनी हाय का गं?”

“मी आहे,” लुचिया म्हणाली. “माझे खापरपणजोबा.”

ठमाबाईंनी सूप बाजूला सारलं. मग फोटोखालच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

“हितं काय लिव्हलंय?”

लुचियाची मान खाली गेली.

“दरोडेखोर. मीच लिहिलंय.”