उंबऱ्यावरच्या दोघी

सोजरबाईनं उंबरा ओलांडायला पाय उचलला आणि दाक्षायणीनं चौकटीत हात आडवा धरला.

"मावशी, आत जायचं नाही."

आत वच्छला कळांनी कण्हत होती. गिरणीमागच्या त्या चाळीतलं जवळजवळ प्रत्येक मूल सोजरबाई सुईणीच्या हातात आलं होतं. तिला आजवर कुणी दारात अडवलं नव्हतं. आणि आज अडवत होती सूतिकागृहाची नर्स, तिच्या लेकीच्या वयाची.

"का गं? मी काय चेटकीन हाय?"

"तुम्ही काल तानाबाईकडं होता. तिला ताप आहे."

"ताप तिच्या नशिबाला आला. माझ्या हाताला न्हाय."

श्रावणापासून चाळीतल्या दोघी बाळंतिणी तापानं गेल्या होत्या. तिसरी तानाबाई. तिला आज सकाळीच दाक्षायणीनं तपासून टांग्यातून दवाखान्यात पाठवलं होतं. चाळ म्हणत होती, सटवाई कोपली. पण तिन्ही बाळंतपणं सोजरबाईनं केली होती, आणि ताप एका खोलीतून दुसऱ्या खोलीत कसा गेला हे दाक्षायणीला स्वच्छ दिसत होतं.

"मावशी, ताकातला चमचा दुधात बुडवला तर काय होतं?"

"इरजतं. शेंबड्या पोरालाबी ठावं हाय."

"चमच्याला ताक लागलंय हे डोळ्याला दिसत नसलं, तरी?"

सोजरबाईनं नाक मुरडलं.

"आस्सं! म्हंजी मी उष्टा चमचा अन् तू चांदीची पळी. बाळातपन तू करनार, लुगडं-खण तुला. व्हय की न्हाय?"

"नाही. तानाबाईला मीही हात लावलाय. मीही आत जाणार नाही."

वच्छलाची सासू बजाबाई चुलीपाशी पाणी तापवत होती. ती तशीच उठून दाराशी आली.

"अगं बाई! मग माझ्या सुनंला सोडवायची कुनी?"

"तुम्ही. तानाबाईकडं गेला होता का?"

"हिला टाकून कुटं जाऊ? पर मी भाकऱ्या थापनारी बाई!"

"तेच हात पाहिजेत. बांगड्या वर सारा. आधी नखं कापा, मग साबणानं कोपरापर्यंत धुवा. कात्री आणि दोरा उकळत्या पाण्यात टाका."

दुसरी नर्स आणायला वेळ नव्हता. एक कळ ओसरते न ओसरते तोच दुसरी येत होती. दाक्षायणीनं सकाळपासून दोनदा जंतुनाशक लायसॉलनं हात धुतले होते. बहुतेक तेवढं पुरलं असतं. पण 'बहुतेक'वर वच्छलाचा जीव ठेवायची तिची तयारी नव्हती. काही वेडंवाकडं झालं तर नर्सबाई दारात बसून बघत राहिली असं चाळ म्हणेल, हेही तिला ठाऊक होतं. ती उंबऱ्यावर बसली. चौकटीच्या दुसऱ्या कडेला, पाठ अर्धी फिरवून, सोजरबाई बसली.

"आत बोट घालायचं नाही," दाक्षायणी म्हणाली. "ओढायचं नाही. येईल ते झेलायचं. वच्छला, आता जोर कर."

वच्छलानं दात आवळले. डोकं बाहेर आलं आणि बजाबाईनं दाराकडं मान वळवली.

"नर्सबाई... गळ्याला नाळ हाय!"

सोजरबाई ताडकन उठली. तिचा एक पाय आत पडला. दाक्षायणी तिला अडवणार, तोच तिनं तो आपणच मागं घेतला. दोन्ही हात पदरात गच्च गुंडाळले आणि तिथूनच ओरडली,

"बजे, भिऊ नगंस! नाळंखाली बोट घाल, सैल कर. पोराचं टोपडं काढतीस न्हवं? तशी डोक्यावरनं काढ!"

बजाबाईनं नाळेखाली बोट सारलं.

"निगाली!"

"आता थांबा," दाक्षायणी म्हणाली. "तिला पुढची कळ येऊ द्या."

कळ आली, आणि तिच्यासंगं पोरही.

"पोरगी हाय," बजाबाई रडत-हसत म्हणाली. पोरीनं टाहो फोडला.

"गळा बघ की!" सोजरबाई म्हणाली. "गिरनीचा भोंगा बंद करा म्हनावं आता."

नाळ बांधून कापून झाल्यावर थोड्या वेळानं दाक्षायणीनं मागून पडलेली वार ताटात घालून दाराशी आणायला लावली. वाकून नीट न्याहाळली. सगळी पडली होती. रक्तही बेतानं जात होतं. आत वच्छला डोळे मिटून पडली होती आणि पोरीच्या पाठीवर तिची बोटं हळूहळू फिरत होती.

तेवढ्यात मागल्या ओळीतला मल्लप्पा धापा टाकत आला. अंगावर अजून गिरणीतला कापूस होता.

"मावशे, चल लौकर! घरात कळा लागल्यात."

सोजरबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. दाक्षायणीनं तिच्याकडं पाहिलं.

"मल्ल्या, तुझी आई तानीकडं गेली हुती का रं?"

"न्हाय की. का?"

"मग पळ म्होरं. पानी उकळाय ठिव म्हनावं तिला. मी येती अन् दारात बसती."

"दारात? अन् आत कोन?"

"तुझी आई. जा, नखं काप म्हन."