एकहाती

अणदूरच्या बाजारात जनावराचा सौदा उपरण्याखाली व्हायचा. जितकी बोटं धरली तितका भाव, तिसऱ्याला पत्ता नाही. त्या दुष्काळी साली कस्तुराबाईनं तो पदराखाली केला. बाई म्हशीचा भाव करतेय म्हणून माणसं हसली. हसेनात का! घरात कडब्याची पेंढी उरली नव्हती आणि म्हैस डोळ्यांदेखत मरू द्यायची नाही, हे तिचं ठरलं होतं.

हेड्यानं, म्हणजे जनावरांच्या व्यापाऱ्यानं, तिची चार बोटं धरली. भाव चांगला होता. ती दावं त्याच्या हाती देणार, तोच शेजारच्या रानातली रुद्रम्मा आडवी आली. दोघी एकाच साली लग्न होऊन गावात आलेल्या, तेव्हापासूनचा एकमेकींवर जीव. रुद्रम्माच्या विहिरीला अजून पाणी होतं आणि गावात नवी दूध सोसायटी निघाली होती. तिनं सरळ पदराखाली हात घालून चार बोटं धरली.

कस्तुराबाईनं हात ओढून घेतला. "तुला न्हाय द्यायची."

रुद्रम्माचा चेहरा उतरला. परका चालतो अन् मी नको, असं काय वाकडं केलं गं तुझं, म्हणून ती बाजारादेखत विचारू लागली.

आता आली का पंचाईत! खोड सांगावी तर गिऱ्हाईक जातंय, झाकावी तर मैत्रीण फसतेय. कस्तुराबाईनं चारचौघांत सांगून टाकलं, "म्हस एकहाती हाय. माझ्या हाताबिगर कुणाला थेंब देत न्हाय."

हेडी धोतर झटकून चालता झाला. कस्तुराबाईला रडूच आलं.

रुद्रम्मानं तिचा पदर पुन्हा ओढला आणि खाली तीच चार बोटं धरली.

"अगं, ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं की. म्हस माझ्या दारात, हात तुझा. रोज पहाटं यायचं."

कस्तुराबाईनं भाव उतरवायला एक बोट सोडवून घेतलं. रुद्रम्मानं ते परत पकडलं.

दुसऱ्या दिवशी सोसायटीत दोघींनी एकच चरवी आणली. मापाड्यानं विचारलं, दूध कुणाच्या नावावर लावू? दोघींनी एकमेकींकडं बोट दाखवलं.

"म्हशीच्या लाव," रुद्रम्मा म्हणाली.