जीपमागचे धोंडे

आरटीओ साहेब, लायसनच्या परीक्षेत तुम्ही मला सगळ्यांसमोर नापास केलंत. "ट्रक रस्त्यात बंद पडला तर मागच्या गाड्यांना कसं कळवशील?" असं तुम्ही विचारलं, अन् मी खरं ते सांगितलं, "मागं धोंडे मांडतो, बाभळीची फांदी ठेवतो." तुम्ही लई हसलात. "भुजंग, ट्रक निघून जातो अन् धोंडे तिथंच राहतात. त्यावर मोटरसायकलवाला मरतो. चमकणारा लाल त्रिकोण ठेवायचा असतो. जा, अभ्यास करून ये."

लायसन हुकलं, स्टेअरिंग हुकलं. अर्धापूरच्या केळीच्या ट्रकवर मी क्लीनरचा क्लीनरच राहिलो. पण तुमचं म्हणणं पटलं, म्हणून पदरचे पैसे घालून त्रिकोण घेतला.

काल भोकरच्या रस्त्याला तुमची जीप बंद पडलेली दिसली. मी ड्रायव्हरमामाला थांबवलं, उतरलो अन् जीपच्या बरंच मागं माझा त्रिकोण ठेवून आलो. तुम्ही खूश होऊन पाठ थोपटली, "शाब्बास! कुणी शिकवलं रे?"

"तुम्हीच की, साहेब."



आता तुम्ही सांगा. मला त्रिकोण तुम्ही शिकवला, मग जीपमागं ते धोंडे मांडायला तुम्हाला कुणी शिकवलं?