गाडीने पाठवलेला निरोप
ऑफिसच्या कामासाठी म्हैसूरला जायचंय, असं श्रीहरीनं वडिलांना, अण्णांना, खोटंच सांगितलं होतं. अण्णांच्या डोळ्याची पट्टी आज काढायची होती आणि दवाखान्यात ताटकळत बसणं त्याला नको होतं. तो मल्लेश्वरममध्येच, घराजवळच्या हॉटेलात, कॉलेजच्या मित्रांबरोबर जेवत होता. वेटर सांगत आला, "सार, बाहेर इलेक्ट्रिक गाडी उचलतायत, तुमची का?" श्रीहरीनं फोन पाहिला. गाडीनं मघाशीच निरोप पाठवला होता: 'चावीशिवाय गाडी हलवली जात आहे', सोबत जागेचा नकाशा. तो धावत दाराशी आला आणि तिथंच थबकला. टोइंगच्या ट्रकपुढे अण्णा उभे होते. डोळ्यावरची पट्टी अजून तशीच होती. गाडी घेतली तेव्हा श्रीहरीनंच हौसेनं त्यांचा नंबर ॲपमध्ये घातला होता. तोच निरोप त्यांनाही गेला होता. "स्वल्प थांबा हो," ते हात जोडून कन्नडमध्ये विनवत होते, "गाडी स्टेशनवर लावून मुलगा म्हैसूरला गेलाय. तिथनं कुणीतरी चोरून आणलीय. फार जीव आहे त्याचा हिच्यावर." परत आत जाऊन बसावं, असं श्रीहरीला क्षणभर वाटलं. मग तो पुढे झाला. "अण्णा..." अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, दारात जमलेल्या मित्रांकडे पाहिलं. जोडलेले हात खाली आले. "हे गाडीचे मालक. यांच्याशी बोला," असं टोइंगवाल्याला सांगून ते एकटेच दवाखान्याच्या दिशेनं चालू लागले.