न्हाणीचं पाणी

लेकीनं उन्हाळ्याआधी घरातला एसी साफ करून घेतला, तेव्हा गुलाबला कळंबचं माहेर आठवलं. दुष्काळाचं साल होतं आणि ती पहिल्या बाळंतपणाला आली होती. गावच्या सोसायटीत धान्य मापणारे मापाडी असलेल्या वडिलांनी, आबांनी, तिच्यासाठी पत्र्याचा कूलर करून घेतला, त्यात स्वतः वाळा भरला. हीच लेक जन्मली, पण टँकरचं पाणी प्यायला आणि बाळाच्या अंघोळीलाच जेमतेम पुरायचं. आबा कोरड्या कूलरकडं बघत बसायचे. एका दुपारी गुलाब म्हणाली, "बाळाच्या न्हाणीचं पाणी गाळून घाला की, आबा." "वास मारंल," आई कुरकुरली. पण आबांनी जुन्या धोतरातून पाणी गाळलं, टाकीत ओतलं आणि बटण दाबलं. ओल्या वाळ्यात बाळाच्या अंगाचा दुधाहळदीचा वास मिसळून खोलीभर पसरला. आबा कूलरसमोर उभे राहिले. "असला वारा म्या जन्मात घेतला न्हाय," ते म्हणाले, आणि पाळण्याशेजारी जमिनीवरच गाढ झोपी गेले.