फाटकावरचे मामा

"मोबाईल टोपलीत ठेवा, ताई. घड्याळपण. आणि पेन ड्राइव्ह द्या, तपासून देतो."

फाटकावरच्या नव्या वॉचमनमामांकडे शेफाली बघतच राहिली. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला असलेल्या या धरणावर ती कधीपासून येत होती, पण फाटकावर तिला आजवर कुणी नाव-गावही विचारलं नव्हतं.

धरणाचे दरवाजे चालवणारा कॉम्प्युटर मुद्दाम कुठल्याच नेटला जोडलेला नव्हता. त्यात बाहेरून कुणी घुसून दरवाजे उघडले असते, तर नदीकाठच्या गावांचं काही खरं नव्हतं. म्हणून नवं सॉफ्टवेअर ती पुण्याहून स्वतः पेन ड्राइव्हवर आणायची. बाहेरचं असं आत जायचं ते तेवढंच.

आणि मागच्या खेपेला ऑपरेटर ज्ञानू त्याच कॉम्प्युटरला मोबाईल लावून चार्जिंग करत बसला होता! वॉचमन नेमा म्हणून तिनं मेलवर मेल पाठवले. ऑफिस ढिम्म. एकाचंही उत्तर आलं नाही.

"मामा, तुम्ही आलात ते फार बरं झालं," ती मनापासून म्हणाली. मार्गासनीपासूनच्या खड्ड्यांतून गाडी चालवून तिची कंबर मोडली होती. मामा पेन ड्राइव्ह घेऊन चौकीत गेले, तशी ती पायरीवरच टेकली. त्यांनी तो परत आणून दिला तेव्हा तिचा डोळा लागला होता.

आत ज्ञानू जांभया देत होता. बदली माणूस न आल्यानं दुसरी पाळीही त्याच्याच गळ्यात पडली होती.

"मामा लई कडक हायेत, मॅडम. माजाबी मोबाईल काढून घेतला."

"घेणारच. किती वेळा सांगितलं होतं तुम्हाला?"

"व्हय. चुकलंच माजं."

तिनं पेन ड्राइव्ह लावला. स्क्रीनवरची पट्टी हळूहळू भरत गेली.

"झालं एकदाचं," पट्टी भरल्यावर ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच इथलं काम नियमानं पार पडलं होतं, आणि तिला खरंच समाधान वाटलं. "मामांचं नाव काय हो? ऑफिसला कळवते, माणूस चांगला दिलात म्हणून."

ज्ञानूनं जांभई अर्धवट सोडली.

"मला काय ठावं? सकाळी आले, म्हणाले मॅडम मागनं येतायत. तुमचंच मानूस न्हवं का ते?"