पाय धुवायचा दगड

"चर्च बांधल्याच्या सालाचा दगड धनीरामनं विकला जी," सरपंच श्यामराव म्हणाले आणि चर्चच्या दारावरच्या रिकाम्या खाचेकडं त्यांनी बोट दाखवलं. "नागपुरात कोनाले तरी. तो तं मेला. बायको हाये अजून, मांगच्या झोपडीत."

झोपडीच्या दारात शकुनबाई उभी होती. तिचा नवरा धनीराम जन्मभर या चर्चची चौकीदारी करून गेला होता. तिनं तोंड उघडलं, पण सरपंच बोलत असताना दुसऱ्यानं बोलायची त्या गावात रीत नव्हती.

नागपूरहून आलेले पुरातत्त्वाचे अधिकारी मान वर करून बघत होते. जाड भिंती, अर्धगोल कमानी, हात जेमतेम जाईल एवढ्या खिडक्या.

"रोमनेस्क पद्धत आहे ही," ते म्हणाले. "युरोपात हजार वर्षांपूर्वी अशी चर्चं बांधायचे. इथं कोणी बांधलं?"

श्यामरावांना विचारायचाच अवकाश. जवळच्या चिखला गावच्या खाणीतल्या गोऱ्या साहेबानं बायकोसाठी बांधलं. मग साहेब गेला. मग पाद्री गेला. मग घंटा गेली, बाकं गेली, छपरावरचे कवेलू गेले. सरपंचांच्या इतिहासात सगळं आपोआप जात होतं, नेणारा कोणी नव्हताच. त्यांच्या गोठ्यावरचे कवेलू बहुधा उडत आले असावेत. चर्चच्या आत धानाच्या वाळल्या तणसाचा ढीग होता, तोही त्यांचाच. त्यानं म्हणे ओल येत नाही.

चर्च सरकारी यादीत चढलं की आणीबाणीत हुकलेला डांबरी रस्ता येईल, असं कोणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून श्यामरावांना या भिंतींचा भारी कळवळा आला होता.

"सालाचा पुरावा नसेल तर कठीण आहे," अधिकारी म्हणाले. "दगड चोरीला गेला असेल तर मला तसं लिहावं लागेल."

"लिवा न जी. चोरट्याची झोपडी मी उद्याच उठवतो."

शकुनबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. झोपडी गेली तर तिला दुसरा आसरा नव्हता. पण मेलेल्या नवऱ्याला भरगावात चोर म्हटलेलं तिला त्याहून जास्त लागलं. ती दोघांच्या मागोमाग सरपंचांच्या घराकडं निघाली.

धानाच्या बांध्यांमधून चालत आल्यानं दोघांचे पाय घोट्यापर्यंत चिखलानं भरले होते. अंगणात सरपंचांची बायको चंद्रकलाबाई पाण्याची गुंडी घेऊन तयारच होती.

"राहू दे न ते," श्यामराव एकदम म्हणाले. "साहेब तसेच येतील आत."

"अवो, तसेच कसे येतील? पाहुना पाय न धुता घरात घेऊ? लोकं थुंकतील आपल्यावर." चंद्रकलाबाईंनी नवऱ्याला बाजूला सारलं. "या जी साहेब, उभे राहा या गोट्यावर. मोठा चांगला गोटा हाये. खाचा हायेत त्याले, पाय नाही घसरत. यायनंच आनला चर्चाकडून."

अधिकारी पायताण काढून दगडावर उभे राहिले. चंद्रकलाबाईंनी पाणी ओतलं. चिखल सुटला आणि त्यांच्या अंगठ्याखालून एक इंग्रजी अक्षर वर आलं. मग दुसरं. त्यांनी चटका बसावा तसे पाय उचलले, खाली उतरले आणि ओल्या जमिनीवर गुडघे टेकून तळहातानं दगड पुसू लागले.

"साल आहे," ते म्हणाले. "नावही आहे साहेबाचं." मग त्यांनी मान वर करून श्यामरावांकडं पाहिलं.

श्यामरावांना जन्मात पहिल्यांदाच इतिहास आठवेना. ते चिखलाच्या पायांनी अंगणात उभे राहिले, आत जाईनात की बाहेर जाईनात. चंद्रकलाबाईंना काय बिघडलं ते कळलं नव्हतं. त्या बिचाऱ्या पाहुण्यासाठी चहा ठेवायला आत गेल्या.

शकुनबाई फाटकातून आत आली. पायरीवर ठेवलेली गुंडी तिनं उचलली, रांजणात बुडवून भरली आणि दगडापाशी येऊन उभी राहिली.

"या जी सरपंच," ती म्हणाली. "तुमीबी धुवा पाय. खाचा हायेत त्याले. नाही घसरत."